दोन एकादश्या

दुपारी दीडच्या सुमारास भीमा पट्टेवाला कोर्टामागच्या लिंबाखाली बसून बुक्कीनं कांदा फोडत होता आणि एकनाथराव बोरामणीकर हात धुवायला म्हणून रांजणाकडे गेले होते. एवढंच झालं. गिरण्यांच्या मधल्या सुट्टीचा भोंगा झाला की सोलापुरात एका वेळी हजारो कांदे बुक्कीनं फुटत असतील, त्यामुळे कोर्टाच्या दुभाष्यानं त्यातल्या एकापाशी थबकावं असं काही नव्हतं. पण ते थबकले आणि थोडं हसून म्हणाले, "काय भीमा, एकादशी ना आज? गळ्यात माळ आणि हातात कांदा?"

"तुमची आज, रावसाहेब," भीमानं भाकरीचा कडक काठ मोडला. "आमची उद्या हाय."

"उद्या?"

"भागवत की आमची. तुमी शिकलेली मानसं, तुमास्नी घाई. आमी एक दिस दमानं घेतो." मग कांद्याची एक पाकळी पुढं करून तो म्हणाला, "घ्या म्हनलं आसतं, पर तुमची आज हाय."

एकनाथराव हसले. तांब्या रांजणात बुडवून त्यांनी हातावर पाणी घेतलं, आणि तो तांब्या तसाच तिरपा राहिला. पाणी हातावरून पायांवर गेलं, पायांवरून चपलेत गेलं, तरी त्यांना कळलं नाही. चप्पल गार लागली तेव्हा कुठं त्यांनी तांब्या सरळ केला. सकाळपासून पोटात भगर आणि चहा एवढंच होतं, तेव्हा उपासाचं असेल असं त्यांनी ठरवलं. ठरवण्याची त्यांना सवय होती. बावीस वर्षं ते लोकांच्या तोंडचं इंग्रजीत नेत होते, आणि त्या वाटेवर माणसाला काय म्हणायचं होतं हे दर वाक्याला ठरवावंच लागतं.

आपल्याला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. पंचांगात ते छापलेलंच असतं. तिथी सूर्योदयाच्या आगेमागे अशी काही बसते की वर्षातून दोनचारदा एकादशीला दोन दिवस मिळतात: पहिल्या दिवसापुढं 'स्मार्त' असं लिहितात, दुसऱ्यापुढं 'भागवत'. बोरामणीकरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पहिली धरायचे. माळ घालणारे दुसरी धरतात. हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणजे आपल्या घराखेरीज इतरांची घरं असतात हे माणसाला जितपत ठाऊक असतं तितपत. ओले पाय घेऊन ते टेबलाशी परत आले. टेबलावर एक अर्ज इंग्रजी तर्जुम्यासाठी पडलेला होता, आणि दोन आठवडे तो तिथंच होता. मौजे केम, तालुका करमाळा, येथील सोनाबाई, नवरा कुंडलिक, हिचा सरकारकडे दयेचा अर्ज. आज बाजारचा मंगळवार, म्हणून ती सकाळीच येऊन गेली होती. "झालं का, सायेब?" "उद्या या, बाई." ती मान हलवून गिरणीच्या चाळीत नणंदेकडे मुक्कामाला गेली. अर्ज शनिवारच्या टपालानं वर जायचा होता. गेला नाही तर पुढची यादी दिवाळीनंतर.

त्या अर्जाकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांना आवाज आठवला. चेहरा आठवला नाही. गेल्या सालच्या जून महिन्यात, शहरावर लष्करी कायदा असताना, इतकी माणसं त्यांच्यासमोरून गेली की सगळ्यांना मिळून एकच चेहरा उरला होता: भाजलेल्या विटेच्या रंगाचा, घामेजलेला, दुभाष्याच्या तोंडाकडे पाहणारा. आरोपी साहेबाकडे पाहत नसत. त्यांच्या लेखी जे काही व्हायचं ते या काळ्या कोटातल्या, मराठी समजणाऱ्या माणसाच्या तोंडून व्हायचं होतं, आणि एकनाथरावांना ते तेव्हा, खरं सांगायचं तर, आवडतही होतं. खटला चालवणारा गोरा अधिकारी भराभर काम उरकणारा होता. त्याला तिथ्या, सण, बाजार, अमावास्या यांचा तिटकारा होता. इथला माणूस तारीख सांगत नाही. तो नागपंचमीच्या आदल्या दिवशी चोरी करतो आणि बैल पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी विकतो. अशा वेळी एकनाथराव पंचांग न उघडता, डोळे किंचित मिटून, तारीख सांगत. शक, फसली, हिजरी, काहीही द्या. साहेब त्यांना मिस्टर ऑल्मनॅक, म्हणजे चालतं पंचांग, म्हणायचा. घरी त्यांनी हे अनसूयाबाईंना दोनदा सांगितलं होतं.

या नादाचं मूळ जुनं होतं. त्यांच्याकडे तीनशे सहासष्ट पानांची एक वही होती. दर पानाला एक तारीख, आणि त्या तारखेला जगात कुठं काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, कुठल्या वर्षी कुठला सण त्यावर पडला, याची टिपणं. शहरातल्या एका साप्ताहिकात दर शनिवारी ते त्यातून अर्धा रकाना भरत. दोन शतकांच्या आणि सात समुद्रांच्या अंतरावरच्या गोष्टी एका पानावर शेजारी शेजारी येऊन बसल्या की पंगतीची पानं मांडून झाल्यावर यजमानाला वाटतं तसं त्यांना वाटे. आठ मे हे भरलेलं पान होतं. फ्रान्समध्ये एका थोर रसायनशास्त्रज्ञाचं डोकं त्या दिवशी उडवलं. मार्तिनिक बेटावर ज्वालामुखीनं सकाळच्या प्रहरी एक अख्खं शहर जाळलं. जाड भिंतींच्या कोठडीतला एक कैदी तेवढा कैदेत होता म्हणून वाचला. येरवड्याला वासुदेव चापेकर फासावर गेले. ही शेवटची नोंद साप्ताहिकात कधी छापली नाही, कारण सरकारी नोकर इतिहासाचा अभ्यास करू शकतो, पण सगळ्याच इतिहासाचा नाही. आणि त्याच पानावर तळाला, एकोणीसशे तीस: सोलापूर, गोळीबार. नऊ मेच्या पानावर त्या मानानं शांतता होती. नामदार गोखल्यांचा जन्म.

कुंडलिक, केमचा, वय अदमासे चाळीस, गळ्यात माळ. गोळीबाराच्या दिवशी चौकी पेटवणाऱ्या जमावात केमकडचा एक माळकरी होता असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि केमला उतरताना याच्या डोक्यावर पांढरी गांधी टोपी होती. सोलापूरच्या मेव्हण्यानं दिली म्हणाला. एवढ्यावर माणसाला सोडूनही देता आलं असतं. साहेबानं पेन्सिल आपटत विचारलं, हा सोलापुरात कधी होता ते विचारा. एकनाथरावांनी विचारलं. तेव्हा तो आवाज आला, सरळ आणि जरा मोठा, शेताच्या बांधावरून बोलल्यासारखा: "एकादशीला आलो, सायेब. भनीला मूल झालं व्हतं. द्वादशीला तिच्याकडंच उपास सोडला आन् गाडी धरली. दुसरं कवाच न्हाय." एकनाथरावांनी डोळे किंचित मिटले. वैशाख शुद्ध एकादशी. स्वतःच्या घरी त्या दिवशी साबुदाणा भिजत घातलेला त्यांना दिसला. त्याच दुपारी गोळ्यांचा आवाज आला तेव्हा अनसूयाबाईंच्या हातातून खिचडीचं पातेलं कलंडलं होतं. आठ मे, त्यांनी सांगितलं. साहेबानं वर पाहिलं. एकनाथरावांनी पुन्हा सांगितलं, तो म्हणतो, मी आठ तारखेला आलो आणि नऊला गेलो.

आणि एवढ्यावर ते संपलं नव्हतं, हे आता, ओल्या चपलेत पाय गार पडत असताना, त्यांना आठवत होतं. साहेबानं विचारलं होतं, मग त्यानं शहरात काय पाहिलं? कुंडलिक म्हणाला, "लई गप व्हतं समदं. एक बी पोलीस न्हवता. टोपीवाली मानसं चौकात हुबी राहून टांग्यांना वाट दावीत व्हती. भांडन न्हाय, तंटा न्हाय." एकनाथरावांनी हेही अचूक इंग्रजीत नेलं होतं, विरामचिन्हांसकट. साहेब मोठ्यानं हसला होता. आठ तारखेला सगळं गप होतं म्हणतो! आणि एकनाथरावही, हसले नाहीत, पण ओठ आवळून त्यांनी आपण समजतो असं दाखवलं होतं. गप होतं ते नऊ तारखेला. पोलीस गायब झाले, लोकांनी आपलं आपण शहर चालवलं, ते गोळीबारानंतरचे तीन दिवस; सगळ्या सोलापुराला ठाऊक होतं, एकनाथराव स्वतः त्या चौकातून भाजी घेऊन आले होते आणि एका टोपीवाल्यानं त्यांना हात करून थांबवलं होतं. समोरचा माणूस नऊ तारखेचं वर्णन करत होता आणि ते त्याला आठ तारखेत उभं करत होते. त्यांना ते खोटं वाटलं होतं, आणि खेडवळ माणसाचं खोटं म्हणून थोडी कीवही आली होती. तीन वर्षं सक्तमजुरी.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी गेल्या सालचं पंचांग मागितलं. घरात गणपती होता. अनसूयाबाई समईत तेल घालत होत्या.

"शिळं पंचांग कशाला हवंय? पत्रिका का कुणाची?"

"बघायचंय एक."

"देवाच्या फळीखाली असेल. टाकवत नाही म्हणून ठेवते, नाहीतर त्याला काय ओवाळायचंय?" त्यांनी धूळ झटकून दिलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "अहो, बरं नाही का? फराळाचं वाढू?"

पान उघडायला त्यांना वेळ लागला नाही. अशा कामात त्यांना वेळ लागत नसे. वैशाख शुद्ध एकादशी, आणि एकाखाली एक अशा दोन ओळी, पहिलीपुढं एक शब्द, दुसरीपुढं दुसरा. बारीक ठसा, पण स्वच्छ. शाई कुठं फुटलेली नव्हती की कागद कुठं फाटलेला नव्हता. कुणावर ढकलावं असं त्यात काहीच नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी एका तारखेवर किती गोष्टी पडतात ते मोजलं होतं. एक गोष्ट दोन तारखांवर पडू शकते हे त्यांच्या वहीत कुठं लिहायची जागाच नव्हती. ते पाटावर बसून राहिले. गणपतीसमोरचा मोदक, समई, बायकोच्या हातावरचं तेल, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि त्यांना वाटलं की आपण या घरात गेले चौदा महिने आहोत आणि तो माणूस गेले चौदा महिने दगड फोडतो आहे, आणि या दोन गोष्टी एकाच दिवशी घडत आहेत, रोज, अगदी आजसुद्धा. वही नुसती मेलेल्यांची होती. जिवंत माणसांचं पान कुणी ठेवत नाही.

त्यांनी अनसूयाबाईंना सांगितलं. सगळं, साहेबाच्या हसण्यासकट. त्या ऐकून घेताना समईची वात पुढंमागं करत राहिल्या. ओरडतील, रडतील, निदान पेन्शनचं काढतील, असं त्यांना वाटलं होतं. तीन वर्षांवर पेन्शन आली होती. अनसूयाबाईंनी विचारलं, "तिथं एकादशीला काय देतात हो त्याला?"

"तिथं एकादशी नसते."

"मग काय असतं?"

"तारखा."

"म्हणजे उद्या त्याला भाकरीच मिळणार," त्या म्हणाल्या, आणि तेलाचा हात पुसत, "खात नसेल तो." एवढं बोलून त्या उठल्या. आपल्यासाठी काढलेलं फराळाचं ताट एकनाथरावांनी तसंच झाकून ठेवलं. आपण जेवलो नाही म्हणून कुणाचं काय भलं होणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात हेही आलं की असं मनात येणं हीसुद्धा एक सोयच आहे. कॉलेजात तर्कशास्त्राला त्यांना पहिला वर्ग होता.

बुधवारी सकाळी त्यांनी शिरस्तेदार शिवलिंगप्पांना गाठलं. शिवलिंगप्पा म्हणजे कचेरीतलं सगळ्यात जुनं लाकूड. रागावत नसत, घाबरत नसत, कागद हलायचा असेल तरच हलत. त्यांनी डबीतली तपकीर चिमटीत घेतली आणि पूर्ण ऐकेपर्यंत ओढली नाही.

"अय्यो बोरामणीकर," ते शेवटी म्हणाले, "आम्हा लिंगायतांत तर एकादशीच नाही. त्या दिवशी त्या खुर्चीत मी असतो तर साहेबाला काय सांगितलं असतं?"

"तुम्ही त्याला विचारलं असतं. कुठली म्हणून."

"हां. ते खरं." त्यांनी तपकीर ओढली. "आता माझं ऐका. अर्ज दयेचा आहे. बाईनं दया मागितली आहे, तारीख मागितलेली नाही. चांगला तर्जुमा करा, म्हातारी आई घाला, लेकरं घाला, जाऊ द्या वर. सहा महिने सुटले तर सुटले."

"पण तो तिथं नव्हताच, शिवलिंगप्पा."

"ते तुम्ही म्हणता. खटल्याच्या मिसलीत तो स्वतः होतो म्हणतोय. तुमच्याच हातानं." शिवलिंगप्पांचा आवाज चढला नव्हता. "बरं, तुम्ही टीप लिहिलीत, चूक झाली म्हणून. वरचे पहिलं काय विचारतील? त्या महिन्यात तिथीवरून तुम्ही अशा किती तारखा काढल्या? किती?"

"सतरा."

"सतरा. म्हणजे सतरा मिसली उघडा. उघडायच्या कुणी? ज्यांनी बंद केल्या त्यांनी. तो माणूस सुटायचा तेव्हा सुटेल, तुम्ही मात्र दिवाळीच्या आत सुटाल. बावीस वर्षं झाली ना?" त्यांनी डबी बंद केली. "लिहायचीच असेल तर तुमच्या सहीनं लिहा. मी टपालात घालीन. अडवणार नाही. पण मी वाचली नाही."

हे कचेरीतलं औदार्य होतं आणि एकनाथरावांना त्याची किंमत कळत होती. ते टेबलाशी येऊन बसले. सतरा. त्यातली प्रत्येक त्यांना एकदम आठवली नाही, आणि एकेक आठवू लागली तसं मानेवर घामाचं एक गार बोट फिरू लागलं. कुणी अमावास्या सांगितली होती, तिला दोन दिवस नसतात ना? कुणी ईद सांगितली होती. चंद्र कुठल्या मोहल्ल्यात दिसला ते विचारलं होतं का आपण? कुणी अक्षय तृतीया सांगितली होती. ती सरळ. सरळच असेल. तर्जुम्यात चूक म्हणजे शब्दाची चूक असं ते आजवर समजत होते, आणि शब्दांच्या बाबतीत त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. कुंडलिकचा एक शब्दही त्यांनी चुकवला नव्हता. त्यांनी फक्त त्याला आपल्या घरी नेऊन बसवलं होतं, आपल्या साबुदाण्यासमोर, आणि विचारलं नव्हतं की बाबा, तुझं आज काय आहे.

सोनाबाई अकराच्या सुमारास आली. व्हरांड्याच्या कडेला टेकून तिनं पदर सारखा केला, मांडीवर एक गाठोडं ठेवलं. "शेंगा हाईत, सायेब, वल्ल्या. शेजारनीच्या रानातल्या. तुमच्या घरच्यांसाटनं." तिनं त्या याआधीही एकदा आणल्या होत्या आणि एकनाथरावांनी घरी नेऊन उकडून खाल्ल्या होत्या. कुंडलिकशी कोर्टात तेवढे एकच गोड बोलले, अशी तिची समजूत होती. "आज मी काय खानार न्हाय, आज एकादशी हाय," ती म्हणाली. "तुमी खावा."

"आत या, बाई."

"हितं बरं हाय."

मग तेच बाहेर गेले. खुर्ची नेणं बरं दिसेना, म्हणून व्हरांड्याच्या पायरीवर बसले. भीमानं लांबून पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, त्यांत 'अनवधान' होतं, 'दुर्दैवानं' होतं. ती सगळी पहिल्याच वाक्यात गळाली, कारण सोनाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. "तुमचा नवरा एकादशीला आलो म्हणाला. ती तुमची एकादशी होती. मी आमची धरली. आमची एक दिवस आधी होती, गोळ्या चालल्या त्या दिवशी. साहेबाला मी तो दिवस सांगितला. तो मी सांगितला, त्यानं नाही."

तिला कळलं की नाही ते कळेना. गाठोड्याची गाठ ती बोटांनी चाचपत राहिली.

"म्हंजे त्यानं सवताच्या तोंडानं सांगितलं न्हवतं?"

"नाही."

"पर तुमीच मला म्हनला व्हता, सायेब. मी पैल्यांदा आले व्हते तवा. मी म्हनलं, त्या दिशी हे घरीच व्हते. तुमी म्हनला, बाई, त्यांनी कबूल केलंय, आता काय बोलून उपेग न्हाय. लई मायेनं म्हनला व्हता."

ते त्यांना आठवत होतं. मायेनं, हेही.

"म्हून मी गप बसले. अर्ज लिवनाऱ्याला बी सांगितलं न्हाय. मला दिसत व्हतं की हो, हे अंगनात बसलेत, मोटंचा नाडा वळत्यात, मी भाकरी थापतीया. पर म्हनलं, सवता मानूसच तिकडं व्हतो म्हनतोय तर मला दिसतंय ते काय? माझ्याच ध्यानात चुकलं आसंल. दुसऱ्या कुठल्या दिसाचं आसंल. सासू म्हनाली, तुला काय वाटतं ते सोड, त्यानं तुला सांगितलं न्हाय एवढंच. वरीसभर मी त्यांच्यावर राग धरला, सायेब. भेटाय गेले तवा नीट बोलले बी न्हाय. म्हनलं, मला खोटं सांगून गेला."

व्हरांड्यात वकिलांच्या चपला वाजत गेल्या. एका टांगेवाल्यानं फाटकाशी घोड्याला शिवी दिली. एकनाथरावांना वाटलं होतं की आपण एका माणसाची तीन वर्षं घेतली आहेत, आणि तीही मोजता येण्यासारखी, चौदा महिने गेले, बावीस उरले. या बाईच्या डोळ्यांपुढचा एक अख्खा दिवस, अंगण, नाडा, भाकरी, आपण तिच्याकडून काढून घेतला आणि तिलाच तो खोटा म्हणायला लावला, हे कुठल्या मिसलीत नव्हतं.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं. क्षमेचं, शापाचं, तिच्या मनात काही असलंच तर त्याला सध्या वेळ नव्हता.

"वर लिहायचं. शनिवारी जाईल. ऐकतील असं नाही. सांगता येत नाही."

"ल्ह्या मग."

"लिहितो. तुम्ही घरी जा, उन्हाचं..."

"मी बसते. तुमी ल्ह्या."

ते आत जाऊन कागद, दौत, टाक घेऊन आले, आणि का कुणास ठाऊक, तिथंच पायरीवर, मांडीवर फळी घेऊन लिहायला बसले. बावीस वर्षांत असं ते कधी बसले नव्हते. आधी त्यांनी इंग्रजीत लिहिलं, मग शेजारी मराठीत, म्हणजे तिला वाचून दाखवता यावं. गोळीबाराच्या दिवशी अर्जदार बाईचा नवरा केम येथे स्वतःच्या घरी होता. एवढं त्यांनी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि टाक थांबला.

"नाडा वळत व्हता, ते ल्ह्या," ती म्हणाली.

"ते लागत नाही, बाई, अर्जात."

"लागतंय."

त्यांनी लिहिलं. इंग्रजीत मोटेच्या नाड्याला शब्द सापडेना, म्हणून विहिरीतून पाणी ओढायचा दोर असं लांबलचक लिहावं लागलं. मग तारीख लिहायला टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि वर काढून तसाच धरला, तेव्हा शाईचा एक थेंब धोतरावर पडला. ही एक तारीख आता त्यांना, मिस्टर ऑल्मनॅकला, कुणीतरी सांगायला हवी होती.

"तारीख तुमी घाला," सोनाबाई म्हणाली. "मला त्यातलं कळत न्हाय. वार मातुर माझा ल्ह्या. बेस्तरवार व्हता."

"नक्की?"

"नक्की मंजी? दुसऱ्या दिशी सुक्कीरवार. मी देवीला पानी घालून येस्तवर हे गाडीला गेलेले. बेस्तरवारी नाडा वळला, सुक्कीरवारी गेले. ल्ह्या."

साहेबानं तारीख विचारली होती, त्यांनी तिथी धरली होती, आरोपीच्या वकिलानं काहीच विचारलं नव्हतं. वार सगळ्यांना एकच असतो, गोऱ्या साहेबाला, माळकऱ्याला, ज्यांना एकादशी नाही त्या शिवलिंगप्पांना. तो कुणी विचारला नव्हता. आठ मे, गुरुवार. त्यांनी लिहिलं. खाली दुसरा परिच्छेद घातला, तो लहान होता आणि त्यात 'अनवधान' नव्हतं. मग तिला सगळं वाचून दाखवलं. नाड्यापाशी तिनं मान हलवली. भीमानं शाईची गादी आणून दिली आणि तिनं अंगठा असा दाबला की कागदाला खळगा पडला.

"तुमचं नाव कुटं हाय?"

त्यांनी बोट ठेवलं.

"वाचा."

"ही चूक माझी आहे. एकनाथ केशव बोरामणीकर, दुभाषी."

"व्हय," ती म्हणाली.

कागद वाळायला त्यांनी थोडा वेळ हातातच धरून ठेवला, लागत होता त्याहून जास्त. शिरस्तेदारांची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. ते उठले. सोनाबाईही उठली, शेंगांचं गाठोडं तिनं पायरीवर ठेवलं नाही, काखेत घेतलं, आणि त्यांच्यामागं दोन हात अंतर ठेवून चालत आली. दारापाशी ते थांबले. आत शिवलिंगप्पा मान खाली घालून काहीतरी लिहीत होते, किंवा तसं दाखवत होते.

"जावा," ती मागून म्हणाली. "मी हाय हितं."